देवगिरीचा अखेरचा युवराज : प्रस्तावना

एखादी राजवट केव्हा संपली असे विचारले असता इतिहासाची पाठ्यपुस्तके एक सन सांगून मोकळी होतात, आणि विद्यार्थीही तो सन पाठ करून निर्धास्त होतो. देवगिरीच्या यादवांच्या बाबतीत हा सन कधी १२९६ म्हणून दिला जातो, कारण त्या वर्षी कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी अकस्मात देवगिरीच्या तटाखाली येऊन उभा राहिला आणि रामचंद्रदेव यादवाला खंडणी कबूल करावी लागली. कधी तो १३१८ म्हणून दिला जातो, कारण त्या सुमारास रामचंद्राचा जावई हरपालदेव याला दिल्लीच्या सुलतानाने अत्यंत क्रूरपणे ठार मारून यादवांच्या सत्तेचा शेवटचा धागाही तोडून टाकला. या दोन सनांच्या मधली बावीस वर्षे मात्र दोन ओळींत आटोपली जातात. वस्तुतः राज्य गेले ते याच बावीस वर्षांत, हप्त्याहप्त्याने, एका तहातून दुसऱ्या तहात, बापाच्या मसलतीतून आणि मुलाच्या हट्टातून. आणि या दीर्घ अवनतीत ज्याच्या आयुष्याचा सर्व कर्तृत्वकाळ खर्ची पडला, जो तिच्या आरंभी युवराज म्हणून रणांगणात उभा होता आणि जिच्या ऐन भरात राजा म्हणून नाहीसा झाला, तो पुरुष म्हणजे रामचंद्राचा पुत्र शंकरदेव. त्याचे चरित्र हा पुढील पानांचा विषय आहे.

नावाविषयी आरंभीच सांगून टाकणे बरे. विजापूरच्या आदिलशाही दरबारी सतराव्या शतकाच्या आरंभी आपला इतिहास रचणारा फिरिश्ता या राजपुत्राला शंकरदेव म्हणतो. इसामीच्या काव्यात तो भिल्लम या नावाने वावरतो. आणि घराण्याच्या परंपरेतले सिंघण हे नावही त्याला लावले जाते, म्हणून काही ग्रंथांत तो तिसरा सिंघण म्हणून आढळतो. ही तिन्ही नावे एकाच युवराजाची होत असे धरून येथे सर्वत्र शंकरदेव हेच नाव योजिले आहे.

त्याची हकीकत ज्या लेखण्यांतून आपल्यापर्यंत आली त्यांतली प्रमुख एकही त्याच्या पक्षाची नव्हती, ही या चरित्रातील मुख्य अडचण आणि, माझ्या मते, त्याचे मुख्य आकर्षणही. हेमाद्री पंडिताच्या व्रतखंडात जी राजप्रशस्ती आहे तीत यादवकुळाची वंशावळ मोठ्या दिमाखाने सांगितली आहे. परंतु ती वैभवाच्या दिवसांची, शंकरदेवाच्या आधीची. अमीर खुस्रौ अलाउद्दीनाच्या विजयांचे वर्णन करणारा दरबारी कवी. बरनी दिल्लीचा, आणि तो लिहितो तो १३५७ च्या सुमारास, म्हातारपणी, विपन्नावस्थेत. इसामीची गोष्ट जरा निराळी. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेस, म्हणजे देवगिरीसच, हलविले त्या सक्तीच्या प्रवासात या इसामीच्या वृद्ध आजोबांनी वाटेतच देह ठेवला. तो स्वतः दौलताबादेत राहिला आणि १३५० मध्ये त्याने बहमनी सुलतानासाठी आपले दीर्घ काव्य पुरे केले. म्हणजे ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी शंकरदेव लढला त्याच किल्ल्याच्या सावलीत, अवघ्या चार तपांनी, जुन्या माणसांच्या तोंडून ऐकून तो लिहीत होता. परपक्षाचा असूनही त्याच्या लेखनात यादवांच्या बाजूची वीरश्री डोकावते, याचे कारण बहुधा हेच असावे.

जित घराण्याचा इतिहास जेत्याच्या दप्तरात लिहिला जावा, हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. कोरियात १३९२ मध्ये ई सङ-ग्ये या सेनापतीने कोर्यो घराण्याला पदच्युत करून चोसन घराण्याची स्थापना केली, तेव्हा जुन्या वांग राजकुळाची जी वाताहत झाली ती शंकरदेवाच्या चरित्राशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. पदच्युत राजा कोङयांग आणि त्याचे पुत्र यांना १३९४ मध्ये ठार करण्यात आले, आणि त्या कुळातील माणसे जीव वाचविण्यासाठी आडनावे बदलून रानोमाळ झाली. पुढे नव्या घराण्याच्या आज्ञेने जुन्या घराण्याचा प्रचंड इतिहास तयार झाला. १४५१ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा त्यात त्याआधीच्या उ आणि छाङ या दोन राजांना, म्हणजे पिता आणि त्याच्या बालवयातील पुत्राला, राजांच्या पंक्तीत न बसविता बंडखोरांच्या प्रकरणात घालण्यात आले, आणि त्यांची उत्पत्ती राजबीजापासून नसून एका भिक्षूपासून आहे असे नमूद करण्यात आले. सिंहासन घेतले एवढ्याने भागत नाही. ज्याचे घेतले तो त्याचा धनीच नव्हता असे सिद्ध करावे लागते. शंकरदेवाच्या वाट्याला त्याच्या जन्माविषयीचा आक्षेप आला नाही, परंतु ‘बंडखोर’ हा शब्द मात्र आला, आणि तो, इसामीचे खरे मानायचे तर, प्रथम त्याच्या स्वतःच्या बापाच्या तोंडून आला.

हा बाप कोण होता हे जाणल्यावाचून मुलगा कळणार नाही. रामचंद्र हा कृष्णदेव यादवाचा पुत्र. कृष्णामागून गादी गेली ती त्याचा भाऊ महादेव याच्याकडे, आणि महादेवाने १२७१ च्या सुमारास मरतेवेळी ती आपल्या पुत्राला, आमणाला, दिली. रामचंद्राला हे सहन झाले नाही. नर्तकांच्या मेळ्याच्या मिषाने किल्ल्यात शिरून त्याने आमणाला पकडले आणि गादी हस्तगत केली, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. तेव्हा शंकरदेव ज्या घरात वाढला त्या घराला गादी कशी मिळते आणि कशी जाते याचा अनुभव पूर्वीच होता. मात्र यानंतरची पंचवीस वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासातील अत्यंत समृद्ध वर्षांपैकी होत. हेमाद्री श्रीकरणाधिप होता. पंढरपूरच्या देवळाला राजापासून सामान्य भक्तापर्यंत सर्वांनी दिलेल्या देणग्या शके ११९५ ते ११९९ या काळात शिळेवर कोरल्या जात होत्या. म्हाइंभटाचे लीळाचरित्र तयार झाले. नरेंद्र कवीने रुक्मिणीस्वयंवर रचले. आणि शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या अखेरीस ज्या राजाच्या न्यायी कारभाराचा निर्देश आहे तो हाच रामचंद्र. मराठी भाषेला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही एकदम लाभले असे हे दिवस. युवराज शंकरदेवाच्या कानांवर पडलेली मराठी ती हीच.

ज्या मुलखात बसून मी हे लिहीत आहे तो मुलूखही त्या वैभवाचा साक्षी आहे. झरी हे गाव परभणीहून जिंतुरास जाणाऱ्या वाटेवरचे. भोवताली काळी कसदार जमीन, ज्वारी आणि कापूस यांवर जगणारी वस्ती, आणि दुधना-पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट विस्तार. या वाटेने पुढे जिंतूर तालुक्यात चारठाणा लागते, तेथील यादवकालीन देवळांचे आणि उंच दगडी स्तंभाचे शिल्पकाम पाहिले म्हणजे राजधानीपासून इतक्या दूरच्या खेड्यातही कारागिरीवर केवढा खर्च होत होता याची कल्पना येते. औंढा नागनाथाचे भव्य देवालय, गोदावरीकाठचे धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर, ही सर्व याच परिसरातली. नामदेवांची नरसी आणि जनाबाईंचे गंगाखेडही येथून फार लांब नव्हेत. नामदेवांचा जन्म १२७० चा आणि निर्याण १३५० चे. म्हणजे रामचंद्राचा राज्यारोहणप्रसंग, खलजींची धाड, शंकरदेवाचा अंत, हरपालाचा वध, देवगिरीचे दौलताबाद होणे आणि बहमनी राज्याची स्थापना, हे सारे या एका पुरुषाच्या हयातीत होऊन गेले. देवगिरीचा इतिहास हा केवळ देवगिरीकरांचा नाही. मराठवाड्याच्या प्रत्येक खेड्याचा धनी त्या काळात बदलला, आणि म्हणूनच झरीसारख्या गावी राहणाऱ्यानेही हा विषय आपला मानून हाती घ्यावा, असे मला फार दिवस वाटत होते.

आता त्या पहिल्या प्रसंगाकडे वळू. जलालुद्दीन खलजी हा दिल्लीचा सुलतान. त्याचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन. आपण चुलत्याच्या दरबारी रुष्ट होऊन दक्षिणेत राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस चाललो आहोत अशी हूल उठवून, फिरिश्त्याच्या मते आठ हजार स्वारांनिशी, तो एलिचपुरावरून झपाट्याने देवगिरीकडे आला. लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या यादव अंमलदाराने त्याला अडविले, आणि त्याच्या बरोबरीने दोन स्त्रियाही घोड्यावर बसून अशा शौर्याने लढल्या की शत्रूपक्षाचा असून इसामीने त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. ही तुकडी कापली गेल्यावर राजधानीपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. कारण यादवांची मुख्य फौज तेथे नव्हतीच. ती युवराजाबरोबर बाहेर होती. रामचंद्र घाईघाईने किल्ल्यात शिरला. शिबंदीच्या पोटासाठी म्हणून वर नेलेली पोती धान्याची नसून मिठाची आहेत हे पुढे, अगदी अडचणीच्या वेळी, उघडकीस आले, असे फिरिश्ता लिहितो. खाली शहर लुटले जात होते. दिल्लीचे वीस हजार स्वार मागून येत आहेत ही दुसरी हूलही अलाउद्दीनाने सोडून दिली होती, आणि राजाने तिच्यावर विश्वास ठेवून तहाचे बोलणे लाविले.

तह ठरला, आणि शत्रू मागे फिरण्याच्या बेतात असतानाच शंकरदेव फौज घेऊन राजधानीच्या जवळ येऊन ठेपला. बापाने निरोप धाडला की जे झाले ते झाले, करार पाळला पाहिजे, लढाई करू नये. मुलाने ऐकले नाही. त्याने उलट अलाउद्दीनाकडे माणसे पाठवून कळविले की लुटलेले सर्व परत करा आणि जीव घेऊन चालते व्हा. अलाउद्दीनाने त्या जासुदांची तोंडे काळी करून त्यांना छावणीतून फिरविले. मग लढाई जुंपली, आणि ती आरंभी यादवांच्या बाजूने चालली होती. अलाउद्दीनाची फळी मोडण्याच्या बेतास आली होती. इतक्यात किल्ल्याच्या वेढ्यावर हजार स्वारांनिशी ठेवलेला मलिक नुस्रत वेढा सोडून धावून आला, त्याच्या घोड्यांनी उडविलेल्या धुळीचा लोट क्षितिजावर दिसला, आणि तो दिल्लीच्या त्या वीस हजारांचाच असे समजून यादवांची फौज उधळली. नसलेल्या फौजेने असलेल्या फौजेचा पराभव केला. यानंतरच्या तहात सहाशे मण सोने, हजार मण रुपे, सात मण मोती, दोन मण रत्ने आणि चार हजार रेशमी वस्त्रे देण्याचे ठरले, असा आकडा फिरिश्त्याने दिला आहे. शिवाय एलिचपूरचा वसूल सालोसाल द्यावयाचा होता. पहिल्या तहाची मागणी याहून पुष्कळच कमी होती. त्याच साली जुलैमध्ये अलाउद्दीनाने वृद्ध चुलत्याचा खून करविला आणि देवगिरीचे सोने वाटेत उधळीत जाऊन तो दिल्लीच्या तख्तावर बसला.

या पराभवाचे खापर पुष्कळांनी शंकरदेवाच्या माथी फोडले आहे. तरुण रक्ताच्या अविचाराने त्याने झालेला तह मोडला आणि बापाला दुप्पट दंड भरावा लागला, हा तो आक्षेप होय. मला तो मान्य नाही. राजधानी लुटली गेली असताना, हाती ताजी फौज असताना आणि शत्रू संख्येने थोडा असून आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर असताना, युवराजाने हात बांधून बसावे अशी अपेक्षा कोणत्या क्षात्रधर्मात बसते? त्या दिवशी तो जिंकला असता तर खुद्द अलाउद्दीनच देवगिरीखाली संपला असता, आणि उत्तर हिंदुस्थानचाही पुढचा इतिहास निराळा झाला असता. दोष असेल तर तो त्या आधीच्या एका पिढीच्या राजनीतीचा. यादवांची तलवार दक्षिणेस होयसळांशी आणि पूर्वेस काकतीयांशी झुंजण्यात गुंतली होती. उत्तरेकडच्या वाटा, सातपुड्याचे घाट, तापीचे उतार, यांवर पक्की ठाणी नव्हती. आणि दिल्लीत काय घडत आहे याची खबर आणणारी हेरांची डाक नव्हती. एवढा सुपीक आणि संपन्न मुलूख असूनही राजधानीच्या किल्ल्यात चार महिन्यांचे धान्य नसावे, हा कारभाराचा दोष होता. तो रणावर उभ्या राहिलेल्या युवराजाचा दोष म्हणता येत नाही.

त्यानंतरची अकरा वर्षे खंडणी कधी गेली, कधी थकली. मधल्या काळात गुजरातचा कर्ण वाघेला राज्य गमावून आश्रयास आला होता. त्याची कन्या देवलदेवी हिला शंकरदेवाने मागणी घातली, आणि तिला आणण्यासाठी त्याने आपला भाऊ भीमदेव याला पाठविलेही. परंतु देवगिरीच्या वाटेवर, वेरूळच्या लेण्यांच्या परिसरात, गुजरातेहून आलेल्या खलजी सैनिकांच्या हाती ती सापडली आणि दिल्लीस जाऊन शहाजादा खिज्रखानाची पत्नी झाली. अमीर खुस्रौने या दोघांवर काव्य रचले. त्यात शंकरदेवाचे स्थान अर्थातच गौण. ही कथा जितकी रसभरीत तितकीच शंकास्पद असल्याने तिच्यावर मी फार वेळ घालविलेला नाही.

१३०७ चा प्रसंग मात्र या चरित्राचा गाभा आहे. खंडणी तीन-चार वर्षे थकली, आणि अलाउद्दीनाने आपला सेनापती मलिक काफूर याला मोठ्या फौजेनिशी पाठविले. इसामी म्हणतो की खुद्द रामचंद्रानेच गुप्तपणे दिल्लीस कळविले होते, की मी निष्ठावंत आहे, परंतु माझा पुत्र आणि त्याचे साथीदार माझ्या हाताबाहेर गेले आहेत. हे खरे असेल तर देवगिरीच्या वाड्यात त्या वर्षांत दोन दरबार भरत होते असे म्हणावे लागेल: एक वृद्ध राजाचा, ज्याला काय गेले यापेक्षा काय उरले आहे हे मोजावयाचे होते, आणि एक युवराजाचा, ज्याला उरलेले हे आपले म्हणून उरलेलेच नाही असे दिसत होते. लढाईत शंकरदेव निसटला. रामचंद्र पकडला जाऊन दिल्लीस नेला गेला. तेथे त्याचा अपमान होईल अशी साऱ्यांची समजूत; परंतु अलाउद्दीनाने त्याला छत्र दिले, रायरायान हा किताब दिला, एक लाख टंके दिले, आणि राज्य परत देऊन वर नवसारीचा मुलूख इनाम केला. इसामीच्या म्हणण्याप्रमाणे रामचंद्राची एक कन्या सुलतानाच्या जनानखान्यात दिली गेली होती. अलाउद्दीन हा केवळ लुटारू नव्हता हे अशा ठिकाणी दिसते. जिंकलेल्या राजाला ठार मारण्याऐवजी उपकृत करून त्याच्याच हाताने दक्षिणेचे दरवाजे उघडवून घ्यावयाचे, हे त्याचे राजकारण. आणि ते पूर्णतया सिद्धीस गेले. १३०९ च्या वारंगळच्या स्वारीत आणि १३११ च्या द्वारसमुद्राच्या स्वारीत काफूरच्या फौजेला देवगिरीने रसद पुरविली, बाजार मांडून दिले, आणि परशुराम नावाच्या यादव दळवीने पुढे होऊन वाट दाखविली. ज्या काकतीयांशी आणि होयसळांशी यादव पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या नावाने लढले त्यांच्यावर आता ते परक्याच्या नावाने चालून जात होते.

याच दिवसांतला एक अस्सल कागद, म्हणजे खरे तर तांबे, आपल्या हाती आहे, आणि तो सापडला तोही आपल्याच गोदाकाठी, बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केलेला हा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा आहे. रामचंद्राने आपला मंत्री पुरुषोत्तम याला अग्रहार दिल्याचे हे दानपत्र. त्यात राजाच्या पराक्रमांची मालिका आहे: अमुक राजाला जिंकले, तमुकाला नमविले, वाराणसी म्लेच्छांपासून सोडविली. दिल्लीचे नाव नाही, खंडणी नाही, रायरायान नाही. काफूरची फौज देवगिरीचे धान्य खाऊन वारंगळास जाऊन आलेली होती, आणि इकडे लेखक संस्कृत श्लोकांत दिग्विजय कोरवीत होता! हे खोटेपणाचे द्योतक आहे असे मी म्हणणार नाही. दानपत्राचा एक ठरीव साचा असतो, आणि दान स्वतः खरे होते. ज्या ब्राह्मणांना त्या गावांचे उत्पन्न मिळाले त्यांच्या दृष्टीने रामचंद्र हाच राजा होता. परंतु जी भाषा राजा आपल्या प्रजेशी बोलत होता आणि जी तो दिल्लीशी बोलत होता, त्यांत केवढे अंतर पडले होते, हे ज्याला आपल्या कानांनी ऐकावे लागत होते असा एक माणूस त्या वाड्यात होता. शंकरदेवाचा स्वभाव समजून घेण्यासाठी या ताम्रपटाइतके दुसरे साधन मला सापडले नाही, जरी त्याच्या स्वभावाविषयी त्यात एक अक्षरही नाही.

रामचंद्र १३११ च्या सुमारास वारला, आणि शंकरदेव गादीवर आला. त्याने खंडणी थांबविली. यात नवल काही नव्हते. नवल हे की पंधरा वर्षे जे मनात धरले ते करावयाला त्याने बळाची वाट पाहिली नाही. फौज खिळखिळी झालेली, खजिना रिता, शेजारचे राजे दुखावलेले, आणि सरदारांपैकी किती जण आतून दिल्लीशी बांधलेले याचा नेम नाही. १३१३ मध्ये काफूर पुन्हा आला, आणि या खेपेस परत देण्यासाठी नव्हे. शंकरदेव लढाईत मारला गेला असे फिरिश्ता सांगतो. तो न लढता निघून गेला असे इसामी सांगतो. पहिला वृत्तान्तच बहुतेक इतिहासकारांनी ग्राह्य धरला आहे, आणि १२९६ ते १३१३ पर्यंतच्या त्याच्या वर्तनाशी तोच जुळतो असे मलाही वाटते. मात्र दोन्ही वृत्तान्त या पुस्तकात समोरासमोर ठेवले आहेत.

येथे एक गोष्ट मनास न रुचणारी असली तरी सांगितलीच पाहिजे. देवगिरी ताब्यात घेतल्यावर काफूरने कत्तल केली नाही, रयतेला अभय दिले, पांगलेल्या कुणब्यांना परत बोलावून शेती लावविली, असे इसामी लिहितो. म्हणजे पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या कुणब्याला त्या वर्षीची पेरणी कदाचित बापाच्या वेळच्या पेरणीसारखीच करता आली असेल. राजघराण्याचा अंत आणि प्रजेचा नाश या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकाच दिवशी घडत नाहीत, आणि शंकरदेवाचा पक्ष घेणाऱ्या चरित्रकाराने तर हे विशेषकरून ध्यानात धरले पाहिजे, नाहीतर तो प्रजेचे दुःख राजाच्या खात्यावर जमा करून बसतो. पण याचा अर्थ बदल झालाच नाही असाही नव्हे. ज्या देवळांना यादवांच्या शासनांनी जमिनी लावून दिल्या होत्या त्यांचा आश्रय गेला. नवे देऊळ त्या तोलाचे पुन्हा उठले नाही. दप्तरांतून हळूहळू फारसी शब्द उतरू लागले, आणि आज परगणा, कसबा, वसूल, जमाबंदी हे शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ते कोणत्या फौजेमागून आले याचे आपल्याला स्मरणही राहिलेले नाही.

मराठवाड्याच्या वाचकाला हा सर्व प्रकार पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या गावातील वृद्धांनी एका घराण्याचा अस्त स्वतः पाहिलेला आहे. १७२४ पासून दख्खनेत नांदणारी आसफजाही सत्ता १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, आणि परभणी जिल्हा त्या सत्तेतून बाहेर पडून पुढे १९५६ मध्ये मराठी मुलखाशी जोडला गेला. त्या अस्ताच्या वेळीही राजपुत्र होतेच: निजामाचा ज्येष्ठ पुत्र आजमजाह, ज्याचा विवाह १९३१ मध्ये तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाच्या कन्येशी झाला होता, म्हणजे एका विझलेल्या तख्ताचे नाते एका विझू पाहणाऱ्या तख्ताशी जुळविले गेले होते, आणि ज्याला डावलून वारसा नातवाकडे देण्यात आला. रझाकारांच्या जुलमाखाली भरडलेल्या जनतेच्या दृष्टीने तो अस्त म्हणजे मुक्ती होती, आणि ती मुक्तीच होती, याविषयी माझ्या मनात लवमात्र किंतु नाही. तथापि ज्यांनी तो पालट पाहिला त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक आहे: १७ सप्टेंबरच्या आधीही बरीच वर्षे ती सत्ता संपत होती, आणि नंतरही कित्येक वर्षे तिचे कागद, तिचे हुद्दे, तिच्या सवयी चालू राहिल्या. हा अनुभव जवळ असलेल्या वाचकाला १२९६ ते १३१८ ही बावीस वर्षे परकी वाटू नयेत.

शंकरदेवाच्या मृत्यूबरोबर हे पुस्तक संपविले नाही, याचे कारण थोडक्यात सांगतो. १३१६ च्या जानेवारीत अलाउद्दीन मरण पावला, आणि काफूरने त्याच्या ज्या सहा वर्षांच्या मुलाला तख्तावर बसविले तो शिहाबुद्दीन उमर हा, इसामीच्या साक्षीनुसार, रामचंद्राच्या त्याच कन्येचा पुत्र होता. देवगिरीच्या यादवाचा दौहित्र, शंकरदेवाचा भाचा, काही महिने का होईना दिल्लीचा सुलतान होता! काफूरचा खून झाला, अलाउद्दीनाचाच दुसरा मुलगा मुबारकशहा याने तख्त घेऊन या पोराचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले, आणि त्या गोंधळाचा फायदा घेऊन इकडे हरपालदेव आणि जुना प्रधान राघव यांनी देवगिरीत पुन्हा यादवांचा अंमल उभा केला. मुबारकशहा स्वतः चालून आला. राघवाची फौज मुबारकशहाचा सरदार खुस्रोखान याने मोडली. हरपालाला जिवंतपणी सोलून त्याचे शिर देवगिरीच्या वेशीवर टांगण्यात आले. आणि किल्ल्याच्या पायथ्याशी देवळांचे खांब वापरून १३१८ मध्ये जी मशीद बांधली गेली ती आजही उभी आहे, त्या खांबांवरची नक्षी चारठाण्याच्या नक्षीशी ताडून पाहता येते. हरपालदेवाने जे केले ते शंकरदेवाने आरंभिलेलेच काम होते, म्हणून त्याची हकीकत शेवटच्या प्रकरणात दिली आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहून यादवकुळाची जी चौकट उभी केली, तीत डॉ. अ. स. आळतेकरांनी राजकीय घडामोडींचे तपशील भरले, आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी जुने मराठी शिलालेख वाचनसुलभ केले; या सर्वांच्या श्रमांवाचून झरीसारख्या गावी बसून असे काम करणे शक्य झाले नसते. फारसी वृत्तान्तातील स्वारांचे व सोन्याचे आकडे जसेच्या तसे दिले आहेत, ते मोजून घेतलेले नव्हेत हे वाचकांनी लक्षात ठेवावे. शक आणि सन यांत जेथे वर्षाचा फरक पडतो तेथे सन मुख्य धरला आहे. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी लासूरच्या लढाईचे आणि १३०७ चे अशी दोन प्रकरणे तरी आधी वाचावीत, आणि जमल्यास चारठाणा पाहून मग वाचावीत.

झरी, ता. परभणी